उरलेल्या नऊ गोळ्या

डॉ. गिरिधर पोतनीस यांचं सगळं नाव नऊ या एका आकड्यावर उभं होतं. विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात पाठीमागे त्यांना कोणी पोतनीस म्हणत नसे, 'नऊ गोळ्या' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. माणसाला टोपणनाव पडायचंच असेल तर स्वतःच्या संशोधनावरून पडावं, असं ते अरुंधतीबाईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, तीनदा म्हणाले होते. अरुंधतीबाईंनी तिन्ही वेळा 'हं' म्हटलं होतं.

१९७० साली त्यांनी विषय निवडला तेव्हा विभागात सगळ्यांनी नाकं मुरडली. अर्थशास्त्र म्हणजे कापूस, पोलाद आणि पंचवार्षिक योजना. औषधांच्या किमती आणि म्हाताऱ्यांची तब्येत हा काय विषय झाला? पण गिरिधरराव चिकट होते. त्यांनी कुठून कुठून अनुदान मिळवलं, मेडिकलच्या एका डॉक्टर मित्राला जोडीला घेतलं आणि कुहीच्या बाजूची सात गावं धरली. साठीपुढची, रक्तदाब असलेली दोनशे चाळीस बायामाणसं निवडली. सर्पगंधेपासून काढलेली रक्तदाबाची गोळी त्यांना गावातच, छापील किमतीत, महिन्याला तीस अशी मिळायची. एरवी त्या गोळीसाठी नागपूर गाठावं लागे, म्हणजे कोणी गाठत नसे. रोज सकाळी जेवणानंतर एक, असं डॉक्टरांनी प्रत्येकाला बजावून सांगितलं होतं. महिना संपला की गिरिधरराव स्वतः जीपनं जायचे, बाटल्या उपड्या करायचे आणि उरलेल्या गोळ्या मोजायचे.

पुरुषांच्या बाटलीत एकदोन उरत. बायकांच्या बाटलीत सात, आठ, अकरा उरत. सरासरी नऊ. गिरिधररावांना तो आकडा पहिल्यांदा दिसला तेव्हा त्यांना दोन रात्री नीट झोप लागली नव्हती. बाई स्वतःच्या औषधातसुद्धा काटकसर करते, किमतीचा चटका आधी तिला बसतो, हे इतक्या स्वच्छपणे आजवर कोणी दाखवलं नव्हतं.

अर्थात खात्री करून घ्यायला नको का? ती त्यांनी घेतली. पंचफुला नावाची एक काटक म्हातारी होती, धानाचे बांध तुडवून तुडवून पोटऱ्या दोरखंडासारख्या झालेली. तिच्या ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, "गोळ्या महाग पडतात, म्हणून मागे ठेवता का?"

पंचफुलानं आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो खाटेवर बसून सुपारी कातरत होता. मग तिनं पाहुण्याकडे पाहिलं. एवढा शिकला-सवरलेला माणूस उन्हातान्हातून आलेला, समोर ठेवलेल्या चहाला अजून हातसुद्धा न लावलेला.

"महाग तं हायेच न जी," ती म्हणाली.

"लिहा," गिरिधरराव म्हणाले.

लिहायला कौसल्याबाई होत्या. नर्सबाई. उमरेडकडच्या, ठेंगण्या, बोलायला मोजक्या, डोक्याला कायम खोबऱ्याचं तेल. रक्तदाब मोजणं आणि फॉर्म भरणं हे त्यांचं काम. त्यांना एक खोड होती. फॉर्मच्या समासात त्या जांभळ्या पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीबाही लिहायच्या. सोमवार. एकादशी. चतुर्थी. प्रदोष. कुणापुढे गुरुवार, कुणापुढे शनिवार. पहिल्या महिन्याचे फॉर्म तपासताना गिरिधररावांनी त्यांना विभागात बोलावून घेतलं.

"कौसल्याबाई, हे काय? पंचांग लिहायला बसलात का?"

"सर, ते गोळ्यांचं हाय. बाया त्या दिवशी..."

"तिथी-वार नकोत. मला आकडे हवेत. समास कोरा पाहिजे."

कौसल्याबाई एवढंच म्हणाल्या, "बरं सर." पुढच्या महिन्यापासून समास कोरा आला. हाताखालची माणसं ऐकणारी असली की संशोधन कसं सुरळीत चालतं, हे गिरिधरराव त्यानंतर बरीच वर्षं विद्यार्थ्यांना सांगत असत.

तिसऱ्या महिन्यात गावोगावच्या पंचायतींत त्यांनी सगळ्यांना जमवून मोठ्या आनंदानं जाहीर केलं की बायांच्या सरासरी नऊ गोळ्या उरतात, आणि हा फार महत्त्वाचा आकडा आहे. त्यानंतर एक गंमत झाली. सात, आठ, अकरा असं वरखाली होणं थांबलं. जिची पाहावी तिची बाटली, गोळ्या नऊच. आकडा स्थिरावला, असं त्यांनी टिपून ठेवलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी प्रयोग म्हणून किंमत निम्मी केली. तरी नऊच. तेव्हा त्यांनी 'काटकसरीचं अंगवळणी पडलेलं वळण' असा शब्दप्रयोग काढला आणि तो बराच गाजला. आणखी एक गोष्ट मात्र त्यांना बुचकळ्यात टाकत होती. औषध एवढं अपुरं घेऊनही बायांचा रक्तदाब छान उतरत होता, पुरुषांपेक्षा छान. त्याचं श्रेय त्यांनी दरमहा होणाऱ्या तपासणीच्या मानसिक परिणामाला दिलं आणि तळटीप टाकून मोकळे झाले. तळटिपेत काय काय खपतं, ते विद्वानांनाच ठाऊक.

अभ्यास दोन वर्षं चालला. त्यावर पुढची अकरा वर्षं निघाली. निबंध, परिषदा, रीडरचे प्रोफेसर होणं, लंडनच्या एका पत्रिकेत नाव. स्वस्त औषध म्हणजे निरोगी म्हातारपण, हे सूत्र त्यांच्या नावाला चिकटलं. १९८३च्या एप्रिलमध्ये तर दोन फळं एकदम हाताशी आली. औषधांच्या किमतींवर सल्ला देणाऱ्या दिल्लीच्या समितीनं जूनमध्ये साक्षीला बोलावलं. वार्धक्याच्या अभ्यासाचं एक नवं केंद्र निघणार होतं, त्याच्या संचालकपदासाठी त्यांचंच नाव पुढे आहे, असं समितीतल्या एका स्नेह्यानं कळवलं. आणि तेरा वर्षांच्या कामाचं पुस्तक छापखान्यात होतं. चौथं प्रकरण, 'नऊ गोळ्या'. मुद्रितं तपासून मेच्या एकवीस तारखेला परत पाठवायची होती.

त्याच मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, यमुताईंच्या हातातून फुलवात गळून पडली.

यमुताई म्हणजे त्यांच्या आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. धंतोलीतल्या घराच्या मागच्या खोलीत, वाळ्याच्या तट्ट्यांच्या गारव्यात, त्या देवासाठी वाती वळत बसायच्या. उजव्या हाताची बोटं एकाएकी ऐकेनाशी झाली आणि जीभ जड पडली. डॉक्टर मित्र धावत आला. झटका हलका होता, निभावलं. पण जाताना तो दारात थांबला.

"गिरिधर, आई गोळी रोज घेतात ना?"

"सहा वर्षं. दर महिन्याला मी स्वतः आणून देतो."

"मग प्रेशर एवढं चढलं कसं?"

घरात बाकी कुणाचं नाही तरी आईचं औषध चुकत नाही, याचा गिरिधररावांना अभिमान होता. निरोगी वार्धक्यावर देशभर बोलणाऱ्या माणसाच्या घरात दुसरं काय असणार? त्यांनी संध्याकाळी आईच्या कपाटाचा खण उघडला. आत बिस्किटांचा एक जुना डबा होता. झाकण उघडलं तर गोळ्याच गोळ्या. पांढऱ्या, काही पिवळट पडलेल्या, तळाशी भुगा झालेल्या. यमुताईंनी आयुष्यात काही टाकून दिलं नव्हतं, गोळ्या तरी कशाला टाकतील?

त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि मोजायला बसले. हा त्यांचा हातखंडा विषय. सहाशे चाळीस भरल्या, भुगा सोडून. सहा वर्षांचे बहात्तर महिने. भागाकार मनातल्या मनात झाला. महिन्याला नऊ.

इथे किमतीचा काय संबंध? गोळ्या ते आणत होते, आईला दाम ठाऊकसुद्धा नव्हतं.

"आई, या गोळ्या का उरल्या?"

यमुताईंची जीभ अजून अडखळत होती. पण प्रश्न त्यांना इतका बावळट वाटला की कपाळावर आठी मात्र स्वच्छ उमटली.

"सोमवारी... जेवण कुठं असतं माझं?"

"म्हणजे?"

"डॉक्टर म्हणाले... सकाळी जेवणानंतर. उपासाला जेवत नाही मी. फराळ म्हणजे काय जेवण असतं होय रे?"

चार सोमवार, दोन एकादश्या, एक चतुर्थी, दोन प्रदोष. त्यांनी बोटांवर मोजलं. मग ते उठून पुढच्या खोलीत गेले. अरुंधतीबाई पाणी घेऊन आल्या, तर ते त्यांना म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"सासूबाई उपासाला गोळी घेत नाहीत हे? हो, माहीत होतं," अरुंधतीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हीच तसं सांगितलं असेल. तुमचा तर तोच अभ्यास."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागाच्या अडगळीच्या खोलीतून जुने फॉर्म काढले. पहिल्या महिन्याचा गठ्ठा वाळवीनं एका कोपऱ्यात खाल्ला होता, पण जांभळी पेन्सिल शाबूत होती. पंचफुला, उरलेल्या गोळ्या नऊ. समासात नऊ वार, ओळीनं. पुढचा फॉर्म, आठ गोळ्या, आठ वार. त्यापुढचा, अकरा. पुरुषांच्या समासात दोन एकादश्या, तेवढ्याच. विदर्भातल्या पुरुषाचा उपास एकादशीला, आणि तोही ताटभर साबुदाण्याच्या उसळीवर. तेरा वर्षं उत्तर त्यांच्याच कुलपात होतं, आणि ते लिहिणारीला त्यांनी पंचांग म्हणून हिणवलं होतं. गिरिधररावांना लाज वाटली. त्यांना ती फारशी सवयीची नव्हती, त्यामुळे घाम आला असा त्यांनी आधी समज करून घेतला.

कौसल्याबाई निवृत्त होऊन हुडकेश्वरला राहत होत्या, मुलानं बांधलेल्या दोन खोल्यांत. सभोवार शेतं आणि आखून ठेवलेले प्लॉट. गिरिधरराव रिक्षानं पोहोचले तेव्हा त्या अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी ओळखलं, पदरानं खुर्ची पुसली, माठातलं पाणी दिलं. गिरिधररावांनी फॉर्म पुढे केला.

"हे तुम्ही मला सांगायला आला होतात."

कौसल्याबाईंनी चष्मा लावून आपलं अक्षर पाहिलं. "आली तं होती. तुमी म्हणले, समास कोरा पायजे."

"मग तुम्ही पुन्हा का नाही सांगितलं?"

"तुमाले सांगून काय झालं असतं सर? मी बायाइले सांगतलं. उपास असो का काही असो, फराळ करा अन् वरून गोळी घ्या, म्हटलं. पाप लागलं तं मले लागन. तिसऱ्या महिन्यापासून घेऊन राह्यल्या होत्या साऱ्या."

"घेत होत्या? मग बाटलीत नऊ गोळ्या दोन वर्षं कशा निघाल्या? मी स्वतः मोजल्या आहेत."

कौसल्याबाईंनी मिरच्यांवरून हात फिरवला. त्यांना सांगावं की नाही असं झालं असावं. मग तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, आता कशाला झाकायची, असा विचार करून त्या म्हणाल्या, "त्या जुन्याच होत्या, सर. पहिल्या दोन महिन्यांतल्या. बायांनी पुडीत बांधून ठेवल्या होत्या. तुमी यायच्या दिवशी बाटलीत टाकत."

"पण का?"

"तुमी पंचायतीत सांगतलं न, नऊ लई महत्त्वाच्या हायेत. पंचफुला म्हणे, सायबाले नऊचं कोडं पडलं हाय. कोडं सुटलं का सायेब जाईन, अन् सायेब गेला का गावात गोळ्या येनं बंद. मंग नागपूरले कोन जाते म्हातारपनी? म्हनून ठेवत होत्या. तुमी खाली मान घालून मोजून राह्यले का ते मांग उभी राहून हासे."

रक्तदाब उतरत होता, त्याची तळटीप गिरिधररावांना आठवली. दोनशे चाळीस माणसांवर ते अभ्यास करत होते, आणि त्यांतल्या निम्म्या बाया त्यांच्यावर.

"पंचफुला आहे?"

"हाये न. मागच्या उन्हाळ्यात नातवाच्या लग्नात मांडे केले तिनं." कौसल्याबाई थांबल्या. "तुमी काहून आले होते सर? एवढ्यासाठी?"

तेव्हा त्यांनी आईचं सांगितलं. सात गावांतल्या बाया वाचल्या, कारण तिथे कौसल्याबाई होत्या. त्यांच्या घरात कौसल्याबाई नव्हत्या, तेच होते. हे त्यांनी जसंच्या तसं बोलूनही दाखवलं, आणि कौसल्याबाईंनी उगाच समजूत घातली नाही.

एकवीस तारखेला उरले चार दिवस. मुद्रितं टेबलावर पडली होती. पुस्तक जसंच्या तसं जाऊ दिलं असतं तर कोण विचारणार होतं? बिस्किटांचा डबा घरातला, जांभळी पेन्सिल अडगळीतली, आणि कौसल्याबाई हुडकेश्वर सोडून दिल्लीला काही जाणार नव्हत्या. किंमत कमी करा म्हणणं वाईटही नव्हतं. ही सगळी वकिली त्यांनी स्वतःशी दोन दिवस केली आणि दोन्ही दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी लाल शाईनं चौथं प्रकरण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काट मारून रद्द केलं. त्या जागी सहा पानं नवी लिहिली. काय मोजलं, काय विचारलं नाही, समास कुणी कोरा करवला, सगळं नावानिशी. सोबत समितीला पत्र लिहिलं की माझी साक्ष बदलली आहे. बाटलीवर 'उपास असला तरी घ्यावी' एवढी एक ओळ छापण्याचा आग्रह मी किमतीच्या आधी धरीन.

समितीनं पत्राची पोच दिली. साक्षीची तारीख मात्र पुढे ढकलली ती ढकललीच. संचालकपदी दुसऱ्या एका गृहस्थांची नेमणूक झाल्याची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. विभागातली तरुण मंडळी त्यांना अजूनही 'नऊ गोळ्या'च म्हणत, फक्त आता म्हणताना हसत.

हे सगळं पुढचं. त्याआधी पहिला सोमवार आला, तेव्हाच घरात पेच उभा राहिला. यमुताई गोळी घेईनात.

"आई, डॉक्टर म्हणाले ना आता, उपासालाही घ्या?"

"डॉक्टरला काय कळतं उपासातलं? जन्मात केलाय का त्यानं एक तरी?"

गिरिधरराव पुन्हा रिक्षा करून हुडकेश्वरला गेले आणि कौसल्याबाईंना घेऊन आले. त्या यमुताईंच्या पलंगाशी बसल्या, हात हातात घेऊन बोटं चोळली, कुठल्या कुठल्या गावच्या गोष्टी सांगितल्या. पंचफुलाची पुडीही सांगितली, आणि यमुताई वाकड्या ओठांनी खुदकन हसल्या. मग कौसल्याबाई म्हणाल्या, "आई, माहाही सोमवार हाये आज. गोळी घेऊनच निंगाली घरून."

यमुताईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तोंड उघडलं. प्रोफेसर पोतनीस पाण्याचा पेला धरून उभे होते.

त्यानंतर गिरिधररावांनी नियम केला. दर रविवारी संध्याकाळी आईच्या खोलीत बसायचं, बाटली उपडी करून गोळ्या मोजायच्या. हिशेब बरोबर येत गेला. उपास झाले, गोळ्याही गेल्या. यमुताईंची बोटं हळूहळू वळू लागली, श्रावणापर्यंत एखादी वात जमू लागली, दाब खाली आला. मोजणीला पाच मिनिटं लागत, पण यमुताई मध्येच काहीतरी विचारायच्या आणि बोलता बोलता तास जायचा. त्यांच्या माहेरच्या विहिरीचं, गिरिधर लहानपणी तापानं फणफणला होता त्याचं. तेरा वर्षांत, कदाचित त्याहूनही आधीपासून, ते तिथे इतका वेळ बसले नव्हते. पण सारं ठीक चाललंय म्हटल्यावर मोजणीत काही राम उरला नाही. भाद्रपदात एक रविवार चुकला, मग दुसरा, मग तिसरा. त्यांच्याकडे विद्यार्थ्यांचे प्रबंध साचले होते.

चौथ्या रविवारी अरुंधतीबाई म्हणाल्या, "सासूबाईंच्या बाटलीत गोळ्या उरलेल्या दिसतात हो."

गिरिधरराव ताडकन उठले. आईच्या पलंगावर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, बाटली उपडी केली. महिन्याचा शेवटचा दिवस. बाटली रिकामी हवी होती. गोळ्या निघाल्या नऊ.

"आई, हे काय? पुन्हा?" त्यांचा आवाज चढला, आणि चढता चढता भीतीनं चिरकला. "पुन्हा झटका आला म्हणजे?"

गिरिधररावांनी एक गोळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. पिवळट होती. दुसरीही पिवळट. कडेचा भुगा बोटाला लागला. या तर बिस्किटांच्या डब्यातल्या.

"या महिन्याच्या सगळ्या घेतल्या मी," यमुताई म्हणाल्या. आता जीभ स्वच्छ चालत होती. "अरुंधतीसमोर घेते रोज, विचार तिला. या जुन्या आहेत, मीच टाकल्या बाटलीत."

"कशाला?"

यमुताईंनी वर्तमानपत्राचा दुमडलेला कोपरा नीट केला आणि पलंगावर थोडं सरकून त्याच्यासाठी जागा केली.

"तीन रविवार आला नाहीस तू," त्या म्हणाल्या. "बैस. मोज."

गिरिधर तिथे बसला आणि पहिल्यापासून मोजू लागला.